श्रवणचेता संशोधन आणि श्रवणोपचार

श्रवणचेता ही अंतर्कर्णात निर्माण झालेली ध्वनिसंवेदना मेंदूकडे वाहून नेणारी चेता होय. मेंदूतून निघणाऱ्या कर्परचेतांच्या बारा जोड्यांपैकी आठव्या जोडीचा ती एक भाग आहे. त्याच जोडीचा दुसरा भाग शरीराचा तोल सांभाळण्याच्या संवेदना नेतो. काही ग्रंथांत तिला श्रवण तंत्रिका म्हटले आहे, तर बोलीत ‘कानाची नस’ असा तिचा उल्लेख होतो. विसाव्या शतकात या चेतेच्या कार्याविषयी जे संशोधन झाले, त्यामुळे बहिरेपणाची तपासणी, श्रवणयंत्रे, कॉक्लिअर इम्प्लांट आणि वाचोपचार या चारही गोष्टींचे स्वरूप पालटले.

‘ऐकू कमी येणे’ हा एकच विकार नसून त्याची कारणे श्रवणमार्गावरील वेगवेगळ्या ठिकाणी असतात, हा या संशोधनाचा मुख्य निष्कर्ष आहे. बाह्यकर्णातील मळ, मध्यकर्णातील पू, अंतर्कर्णातील पेशींचा नाश, पेशी व चेता यांच्या सांध्यातील दोष आणि खुद्द चेतेतील दोष या सर्वांचे बाह्य लक्षण एकच दिसते. उपचार मात्र निराळे असतात. दोषाची नेमकी जागा कळली नाही, तर महागडे यंत्रही निरुपयोगी ठरते आणि लहान मुलाच्या बाबतीत भाषा शिकण्याची वर्षे हातची जातात.

== रचना व कार्य ==

अंतर्कर्णातील ऐकण्याचा अवयव शंखासारखा वेटोळा असतो. त्याला कर्णावर्त किंवा कॉक्लिया म्हणतात. त्याला सुमारे अडीच वेढे असून, तो उलगडला तर त्याची लांबी अवघी ३५ मिलिमीटरच्या आसपास भरते. परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील वालूर या गावची प्राचीन बारव ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही रचना समजावून घेणे सोपे जाईल. त्या बारवेच्या पायऱ्या वळत वळत पाण्याकडे उतरतात. कर्णावर्तातील ध्वनिलहरीही तशाच वळत आत जातात. प्रत्येक स्वराची पायरी मात्र ठरलेली असते. तार स्वर तोंडाजवळच्या पायऱ्यांवर थांबतात आणि खर्जाचे स्वर अगदी आतल्या टोकापर्यंत पोहोचतात. दृष्टान्त येथेच संपतो, कारण बारवेत पायरीवर कोणी उभे राहिले तरी पायरी ते वर कळवीत नाही. कर्णावर्तातील प्रत्येक पायरीवर मात्र तशी निरोप्यांची व्यवस्था आहे.

ही व्यवस्था केशपेशींची असते. प्रत्येक कानात आतील ओळीत सुमारे ३,५०० आणि बाहेरील ओळींत सुमारे १२,००० केशपेशी असतात. बाहेरील केशपेशी क्षीण ध्वनीचे कंपन वाढवितात, तर आतील केशपेशी त्या कंपनाचे रासायनिक संकेतात रूपांतर करून तो चेतेच्या हवाली करतात. श्रवणचेतेत सुमारे ३०,००० तंतू असतात व त्यांतील नव्वद टक्क्यांहून अधिक तंतू एकट्या आतील केशपेशींना जोडलेले असतात. एका आतील केशपेशीला साधारण दहा ते वीस तंतू जोडलेले असून, प्रत्येक जोडणीच्या ठिकाणी एक चेतासंधी असतो. या तंतूंच्या मूळ पेशी कर्णावर्ताच्या मध्यस्तंभात गुंडाळीने बसलेल्या असतात.

चेता मेंदूला दोन प्रकारे माहिती देते. कोणता तंतू उद्दीपित झाला यावरून स्वराची पट्टी कळते, ही पहिली रीत. दुसरी रीत वेळेची आहे: ध्वनिलहरीच्या ठरावीक क्षणी तंतू स्पंद सोडतात आणि अनेक तंतूंचे स्पंद एकमेकांशी ताल धरून चालतात. सेकंदाला सुमारे चार ते पाच हजार कंपनांपर्यंत हा ताल टिकतो. गलक्यात एकाचे बोलणे वेगळे काढणे, आवाज डावीकडून आला की उजवीकडून हे ओळखणे, व्यंजनांतील बारीक फरक टिपणे ही कामे या ताळमेळावर अवलंबून असतात. चेतेच्या विकारांत आधी बिघडतो तो हा ताल, म्हणूनच अशा रुग्णांचे गाऱ्हाणे ‘आवाज येतो, पण शब्द कळत नाही’ असे असते.

== संशोधनाचा इतिहास ==

इटालियन शास्त्रज्ञ आलेस्सांद्रो व्होल्टा यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस स्वतःच्या कानांत धातूच्या सळया घालून त्यांतून विद्युत्प्रवाह सोडला व त्यांना काही तरी खदखदल्यासारखा आवाज ऐकू आला. हा प्रयोग कोणीही करून पाहण्याजोगा नाही. पण विजेने श्रवणसंवेदना उत्पन्न होऊ शकते, याची ती पहिली नोंद होय. १८५१ मध्ये आल्फोन्सो कोर्ती यांनी कर्णावर्तातील केशपेशीयुक्त अवयवाचे सूक्ष्मदर्शकीय वर्णन प्रसिद्ध केले. कर्णावर्तातील पडद्यावर लहरी कशा प्रवास करतात हे दाखविणारे गेओर्ग फॉन बेकेशी यांना १९६१ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एकेका चेतातंतूचे स्पंद मोजण्याचे काम रॉबर्ट गॅलम्बोस व हॅलोवेल डेव्हिस यांनी १९४० च्या दशकात आरंभिले. नेल्सन कियांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजराच्या श्रवणचेतेतील एकेका तंतूचा अभ्यास करून १९६५ मध्ये जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो या शाखेचा पाया मानला जातो. पुढे चार्ल्स लिबरमन यांनी दाखविले की एकाच केशपेशीला जोडलेले तंतूही सारखे नसतात. काही तंतू अतिशय हलक्या आवाजाला प्रतिसाद देतात, तर काही मोठ्या आवाजालाच जागे होतात. हा भेद त्या वेळी केवळ तांत्रिक वाटला. त्याचे महत्त्व तीस वर्षांनी उमगले. त्याचा विचार पुढे ‘छुपी श्रवणहानी’ या भागात केला आहे.

उपचाराच्या दिशेने पहिले पाऊल पॅरिसमध्ये पडले. आंद्रे जूर्नो व शार्ल एरिएस यांनी २५ फेब्रुवारी १९५७ रोजी एका पूर्णतः बहिऱ्या व्यक्तीच्या श्रवणचेतेजवळ विद्युत्अग्र बसविले. त्या व्यक्तीस लय व काही आवाज जाणवू लागले, शब्द मात्र नीट कळले नाहीत. पुढे ते यंत्रही बंद पडले. लॉस एंजेलिसचे विल्यम हाउस यांनी १९६१ पासून हे काम पुढे नेले. त्या काळी अनेक शरीरशास्त्रज्ञांचा या प्रयत्नांना विरोध होता. तीस हजार तंतूंची भाषा एका तारेने कशी बोलता येईल, हा त्यांचा प्रश्न होता आणि तो रास्तच होता. त्याचे उत्तर व्हिएन्नात इंगेबोर्ग व एर्विन होखमायर या दांपत्याने १९७७ मध्ये आणि मेलबर्नमध्ये ग्रॅम क्लार्क यांनी १९७८ मध्ये अनेक अग्रे असलेली यंत्रे बसवून दिले. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने हाउस यांच्या एकमार्गी यंत्रास १९८४ मध्ये मान्यता दिली; परंतु भविष्य बहुमार्गी यंत्रांचे होते, हे तोवर स्पष्ट झाले होते.

== दोषाची जागा शोधणे ==

नवजात बालकाच्या श्रवणतपासणीसाठी दोन चाचण्या प्रचलित आहेत व त्या दोन्ही मूलभूत संशोधनातून आल्या आहेत. डेव्हिड केम्प यांना १९७८ मध्ये आढळले की निरोगी कान आवाज ऐकतो तसा अतिशय क्षीण आवाज बाहेरही टाकतो. हा प्रतिध्वनी बाहेरील केशपेशींच्या हालचालीमुळे उमटतो. तो मोजणारी ओएई चाचणी काही मिनिटांत होते; बाळाच्या कानात लहानशी डूल ठेवली की पुरते. दुसरी चाचणी बेरा या नावाने ओळखली जाते. तीत झोपलेल्या बाळाच्या डोक्याला अग्रे चिकटवून, कानात टकटक असा आवाज दिल्यावर श्रवणचेता व मस्तिष्कस्तंभ यांतून उठणाऱ्या विद्युत्लहरी नोंदवितात. ज्युएट व विलिस्टन यांनी १९७१ मध्ये या लहरींचे पद्धतशीर वर्णन केले. त्यांतील पहिली लहर प्रत्यक्ष श्रवणचेतेची असते.

या दोन चाचण्यांतील फरक कळणे पालकांच्या दृष्टीने फार महत्त्वाचे आहे. ओएई ‘पास’ झाली म्हणजे बाहेरील केशपेशी ठीक आहेत, एवढेच सिद्ध होते. त्यापुढचा मार्ग मोकळा आहे असे सिद्ध होत नाही. १९९६ मध्ये अर्नॉल्ड स्टार व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा दहा रुग्णांचे वर्णन केले, की ज्यांच्या केशपेशी काम करीत होत्या, परंतु बेरामध्ये लहरी जवळजवळ उमटतच नव्हत्या. या अवस्थेस त्यांनी ऑडिटरी न्यूरोपॅथी, म्हणजे श्रवणचेता-विकृती, असे नाव दिले. कायमचा श्रवणदोष असलेल्या मुलांत या विकाराचे प्रमाण निरनिराळ्या पाहण्यांत दहापैकी एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आढळले आहे. केवळ ओएईवर विसंबून केलेल्या तपासणीत ही सर्व मुले निर्दोष ठरून घरी जातात.

या विकाराची कारणे अनेक आहेत. अपुऱ्या दिवसांचा जन्म, जन्मतः प्राणवायूची कमतरता, आनुवंशिक दोष ही त्यांपैकी काही. भारताच्या ग्रामीण भागाच्या संदर्भात सर्वांत लक्षात ठेवण्याजोगे कारण म्हणजे नवजात बालकाची तीव्र कावीळ. रक्तातील बिलिरुबिन हे पिवळे द्रव्य प्रमाणाबाहेर वाढले, की ते श्रवणचेतेस आणि मस्तिष्कस्तंभातील श्रवणकेंद्रांस इजा करते. केशपेशी बहुधा वाचतात. त्यामुळे अशा बाळाची ओएई चाचणी निर्दोष येण्याचा संभव असतो. बाळ पिवळे दिसू लागले तर त्याला कोवळ्या उन्हात धरावे, असा सल्ला घरोघर दिला जातो. सौम्य काविळीत बाळ एरवीही बरे होत असल्याने त्या सल्ल्याला यश लाभते. तीव्र काविळीत मात्र रुग्णालयातील निळ्या प्रकाशाचा उपचार व प्रसंगी रक्तबदल यांवाचून गत्यंतर नसते आणि दवाखाना गाठण्यास झालेला उशीर कानावर बेततो. ज्या बालकास नवजात अतिदक्षता विभागात ठेवावे लागले किंवा तीव्र कावीळ झाली, त्याची बेरा चाचणी अवश्य करावी, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात.

श्रवणचेता-विकृती या एका नावाखालीही निरनिराळे दोष मोडतात. ऑटोफर्लिन हे प्रथिन तयार करणाऱ्या जनुकात दोष असेल, तर आतील केशपेशी आपला निरोप चेतेला देऊ शकत नाही. चेता मात्र धडधाकट असते. अशा मुलांना कॉक्लिअर इम्प्लांटचा उत्तम लाभ होतो, कारण यंत्र केशपेशीला वळसा घालून थेट चेतेला उद्दीपित करते. याउलट काही मुलांत चेता जन्मतःच अतिशय बारीक असते किंवा नसतेच. अशा ठिकाणी इम्प्लांटचा उपयोग अल्प किंवा शून्य असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी एमआरआय काढून चेता आहे की नाही हे पाहणे हा आता नियम झाला आहे. चेताच नसेल तर अग्रे मस्तिष्कस्तंभावर बसविण्याची शस्त्रक्रिया करतात. तिचा आरंभ विल्यम हाउस व विल्यम हिट्सेलबर्गर यांनी १९७९ मध्ये केला. भारतात ती चेन्नईसारख्या मोजक्या ठिकाणी होते. तिचे फलित इम्प्लांटच्या तुलनेने मर्यादित असते.

== कॉक्लिअर इम्प्लांट ==

इम्प्लांटचा बाहेरील भाग कानामागे असतो. तो ध्वनी टिपतो, त्याचे पट्ट्यांत विभाजन करतो आणि त्वचेखालील भागाकडे बिनतारी संकेत पाठवितो. तेथून कर्णावर्तात सरकविलेल्या बारीक तारेवरील अग्रे चेतेला विद्युत्स्पंद देतात. यंत्रागणिक अग्रांची संख्या सामान्यतः १२ ते २२ असते. अग्रे वाढविली की स्पष्टता वाढेल, अशी आरंभी अपेक्षा होती. ती पुरती फळास आली नाही. कर्णावर्तातील द्रव विजेचा सुवाहक असल्यामुळे एका अग्राचा प्रवाह शेजारच्या तंतूंनाही पोहोचतो. २२ अग्रांचे यंत्रही बहुतेकांच्या बाबतीत आठ-दहा स्वतंत्र मार्गांइतकेच काम देते, असे अमेरिकेतील अभ्यासांत दिसून आले.

या अडचणीवर अमेरिकन अभियंता ब्लेक विल्सन यांनी शोधलेला तोडगा १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्व अग्रांना एकाच वेळी प्रवाह न देता एकामागून एक, अतिशय वेगाने स्पंद द्यावेत, म्हणजे प्रवाह एकमेकांत मिसळणार नाहीत, अशी ती कल्पना होती. अग्रे तीच, चेता तीच, केवळ संकेत देण्याची रीत बदलली आणि त्याच रुग्णांचे शब्दाकलन लक्षणीय सुधारले. क्लार्क, इंगेबोर्ग होखमायर व विल्सन यांना २०१३ मध्ये लास्कर पुरस्काराने गौरविण्यात आले.

तान्ह्या मुलाला ‘आवाज मोठा वाटतो का’ असे विचारता येत नाही. त्यामुळे यंत्राचा प्रवाह किती ठेवावा, हा पूर्वी अंदाजाचा भाग होता. १९९० च्या दशकात यंत्रांतच अशी सोय आली, की एका अग्राने स्पंद द्यावा व शेजारच्या अग्राने चेतेचा प्रतिसाद नोंदवावा. ही नोंद शस्त्रक्रियेच्या मेजावरच मिळते. ती उमटली म्हणजे चेता प्रतिसाद देते एवढी खात्री होते आणि पुढील जुळणीला, ज्याला रोजच्या व्यवहारात ‘मॅपिंग’ म्हणतात, एक आधार मिळतो. हा आधार अंतिम नसतो. मुलाची प्रत्यक्ष वागणूक पाहून मॅप वरचेवर सुधारावा लागतो. पहिल्या वर्षी तर अनेकदा.

मराठी भाषेच्या संदर्भात काही भेद विशेष कठीण जातात. ‘काडी’ व ‘गाडी’ किंवा ‘पाट’ व ‘पाठ’ यांतील फरक मुख्यतः सेकंदाच्या काही शतांश भागाच्या वेळेचा आहे. ज्यांच्या चेतेचा ताळमेळ बिघडला आहे त्यांना तो निसटतो. ‘पात’ व ‘पाट’, ‘वेल’ व ‘वेळ’ यांतील फरक कंपनांच्या पट्ट्यांचा आहे. तो प्रवाह पसरल्यामुळे यंत्रात पुसट होतो. ओठांकडे पाहून काम भागवावे म्हटले, तर ‘पाळ’, ‘बाळ’ व ‘माळ’ हे शब्द ओठांवर सारखेच दिसतात. इंग्रजी शब्दांच्या याद्यांवरून मराठी मुलाचे आकलन मोजणे यासाठीच अयोग्य ठरते; चाचणी व सराव दोन्ही मराठीतूनच व्हावे लागतात, आणि खेड्यातील मूल असेल तर त्याच्या घरच्या बोलीतून.

संगीताच्या बाबतीत इम्प्लांटची मर्यादा उघड होते. लय बहुधा चांगली कळते. चाल ओळखणे अवघड जाते. भजनात पखवाजाचा ठेका आणि टाळांची पडण मूल बरोबर धरते, परंतु अभंगाची चाल बदलली की नाही हे त्याला सांगता येत नाही, यात त्याचा किंवा शिकविणाऱ्याचा दोष नसतो.

== छुपी श्रवणहानी ==

शॅरन कुजावा व चार्ल्स लिबरमन यांनी २००९ मध्ये उंदरांवर एक प्रयोग केला. उंदरांना १०० डेसिबल आवाजात दोन तास ठेवण्यात आले. दोन आठवड्यांत त्यांची श्रवणपातळी पूर्ववत झाली, केशपेशीही शाबूत होत्या. परंतु कर्णावर्ताच्या तार स्वरांच्या भागात जवळजवळ निम्मे चेतासंधी कायमचे नष्ट झालेले आढळले व पुढील काळात त्यांच्याशी निगडित तंतूही झडले. मोठ्या आवाजाला जागणारे तंतू यात प्रामुख्याने बळी पडतात, असे नंतर प्राण्यांवरील अभ्यासांत दिसले. नेहमीचा ऑडिओग्राम शांत खोलीत क्षीण आवाज ऐकू येतो का एवढेच पाहतो. त्यासाठी हलक्या आवाजाचे तंतू पुरतात. म्हणून ऑडिओग्राम निर्दोष आणि बाजारात मात्र बोलणे कळत नाही, अशी अवस्था संभवते. तिला छुपी श्रवणहानी असे नाव पडले आहे.

मनुष्यात हे कितपत घडते याविषयी अद्याप मतभेद आहेत. जिवंत माणसाचे चेतासंधी मोजता येत नाहीत आणि अप्रत्यक्ष चाचण्यांचे निष्कर्ष परस्परांशी जुळत नाहीत. मरणोत्तर तपासलेल्या कानांत मात्र वयानुसार चेतातंतूंची घट केशपेशींच्या घटीपेक्षा बरीच अधिक असल्याचे २०१९ मधील अभ्यासात आढळले. पन्नाशी ओलांडलेल्या गटात ती निम्म्याहून अधिक होती. ‘आजोबांना हवे तेवढेच ऐकू येते’ हा घरातला शेरा यामुळे तपासून पाहण्याची गरज निर्माण होते. अशा वृद्धाशी ओरडून बोलण्याने लाभ होत नाही. समोर बसून, उजेडात, सावकाश आणि शब्द तोडून बोलल्यास होतो. दूरदर्शन संच बंद करणे हाही एक श्रवणोपचारच आहे.

भारतात ध्वनिप्रदूषण नियम २००० पासून लागू असून, निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. मिरवणुकीतील ध्वनिक्षेपकांच्या भिंती व कापूस पिकविणाऱ्या जिल्ह्यांतील जिनिंग कारखान्यांचा खडखडाट यांच्या शेजारी काही तास राहिल्यावर कान ‘बधिर’ होऊन दुसऱ्या दिवशी मोकळे होतात, हा सार्वत्रिक अनुभव आहे. मोकळे होणे म्हणजे बरे होणे, हे गृहीतक उपरोक्त प्रयोगाने डळमळीत केले.

== वाचोपचाराशी संबंध ==

चेता उद्दीपित झाली तरी ऐकण्याचे काम अखेर मेंदू करतो. भारतीय वंशाच्या संशोधिका अनू शर्मा व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ मध्ये दाखविले, की जन्मतः बहिऱ्या मुलांना सुमारे साडेतीन वर्षांच्या आत इम्प्लांट मिळाले, तर मेंदूच्या श्रवणकेंद्राचा प्रतिसाद अल्पावधीत समवयस्कांसारखा होतो. सात वर्षांनंतर मिळाल्यास बहुतेकांत तो तसा होत नाही. यावरूनच पहिल्या महिन्यात तपासणी, तिसऱ्या महिन्यात निदान व सहाव्या महिन्यात उपचारास प्रारंभ या दंडकाला बळ मिळाले.

यंत्र बसविल्यानंतरचा वाचोपचार टप्प्याटप्प्याने चालतो: आवाज झाला हे कळणे, दोन आवाजांतील फरक कळणे, आवाज ओळखणे आणि शेवटी अर्थ लावणे. शास्त्रीय भाषा बाजूला ठेवली, तर त्यातील बराचसा भाग आईने मुलाशी दिवसभर बोलत राहण्याचा आहे. भाकरी थापताना, पाणी शेंदताना, शेळी बांधताना प्रत्येक कृतीला शब्द देत जाणे हा उत्तम सराव ठरतो. श्रवणचेता-विकृती असलेल्या मुलांना शिक्षकाच्या आवाजाचा ध्वनिग्राहक थेट यंत्राशी जोडण्याची बिनतारी सोय विशेष उपयोगी पडते, कारण त्यांची अडचण आवाजाच्या कमीपणाची नसून गलक्याची असते.

सर्व मुलांना यंत्राचा लाभ होतोच असे नाही, आणि काही कुटुंबे तो मार्ग पत्करीतही नाहीत. खुणांची भाषा शिकविल्यास मूल बोलणार नाही, ही भीती मराठी समाजात जुनी आहे. ज्या मुलाची चेताच अपुरी आहे त्याला त्या भीतीपोटी भाषेविना वाढविणे हे कोणत्याही दोषापेक्षा मोठे नुकसान होय. भारतीय सांकेतिक भाषेच्या अभ्यासासाठी नवी दिल्ली येथे २०१५ मध्ये स्वतंत्र संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले आहे.

== चालू संशोधन ==

ऑटोफर्लिनच्या दोषावर जनुकोपचाराचे प्रयोग यशस्वी होऊ लागले आहेत. शांघाय येथील फुदान विद्यापीठाशी संलग्न रुग्णालयात सहा मुलांच्या एका कानात निर्दोष जनुक सोडण्यात आले व त्यांपैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले, असे २०२४ च्या आरंभी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हा उपचार त्या एका जनुकाच्या दोषापुरता आहे. सर्वसाधारण बहिरेपणावरील औषध म्हणून त्याकडे पाहणे चुकीचे ठरेल.

गॅरी हाउसली यांच्या सिडनीतील गटाने २०१४ मध्ये गिनीपिगांवर असे दाखविले, की इम्प्लांटच्या अग्रांतूनच विद्युत्स्पंद देऊन चेतावर्धक द्रव्याचे जनुक पेशींत घालता येते व झडलेले तंतू पुन्हा अग्राकडे वाढतात. जर्मनीत गॅटिंगन येथे टोबियास मोझर यांचा गट विजेऐवजी प्रकाशाने चेता उद्दीपित करण्याचे प्रयोग प्राण्यांवर करीत आहे. प्रकाश विजेसारखा पसरत नसल्यामुळे अधिक स्वतंत्र मार्ग मिळावेत, ही त्यामागील अपेक्षा आहे. ‘कानाची नस मोकळी करणारे’ तेल किंवा थेंब विकणाऱ्या जाहिरातींना मात्र यांपैकी कोणत्याही संशोधनाचा आधार नाही.

== महाराष्ट्रातील स्थिती ==

मुंबईत बधिर मुलांच्या शाळेचा आरंभ १८८५ च्या सुमारास झाला. श्रवणविज्ञानाचे औपचारिक शिक्षण मात्र १९६० च्या दशकात मुंबईचे नायर रुग्णालय व म्हैसूर येथील अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था येथे सुरू झाले. वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था १९८३ मध्ये स्थापन झाली. अली यावर जंग हे हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू व पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल होते. मुंबईचे कर्णशल्यविशारद डॉ. मिलिंद कीर्तने यांनी कॉक्लिअर इम्प्लांट शस्त्रक्रियेचा भारतात प्रसार केला. त्यांना २०१४ मध्ये पद्मश्री देण्यात आली.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथे झाला. शून्य ते अठरा वर्षे वयाच्या मुलांच्या तपासणीत जन्मजात बहिरेपणाचा त्यात समावेश असून, अंगणवाडी व शाळेत येणाऱ्या पथकाने संशयित मूल जिल्हास्तरीय केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे. केंद्र सरकारच्या साहाय्यक उपकरण योजनेत २०१४ पासून इम्प्लांटचा अंतर्भाव झाला व त्या वेळी प्रतियंत्र सहा लाख रुपयांची मर्यादा ठरविण्यात आली. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यानुसार दोन्ही कानांत ७० डेसिबल हानी असल्यास बधिर आणि ६० ते ७० डेसिबल असल्यास ऊनश्रवण अशी व्याख्या आहे. ही व्याख्या आवाजाच्या पातळीवर आधारलेली आहे; शब्दाकलन तीत येत नाही. श्रवणचेता-विकृतीत आवाजाची पातळी मध्यम व शब्दाकलन नगण्य असू शकते, त्यामुळे असे मूल या व्याख्येत बसेलच असे नाही.

मराठवाड्यातील खेड्यांत खरी अडचण शस्त्रक्रियेनंतर सुरू होते. वालूरहून मॅपिंगसाठी निघालेल्या कुटुंबाला आधी सेलू गाठावे लागते. सेलू हे मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गावरील स्थानक असल्याने तेथून छत्रपती संभाजीनगर व मुंबईकडे गाड्या मिळतात. पण मजुरी बुडवून मुलासह केलेला हा प्रवास पहिल्या वर्षात अनेकदा करावा लागतो आणि दर आठवड्याचा वाचोपचार त्याहून वेगळा असतो. काही यंत्रांचे मॅपिंग आता इंटरनेटवरून दूरस्थ पद्धतीने करता येते. बाहेरील भागाची वायर तुटणे, घाम व दमटपणाने यंत्र बंद पडणे, बॅटरी संपणे या तक्रारी नेहमीच्या आहेत. हमीची मुदत संपल्यावरचा हा खर्च शस्त्रक्रियेच्या अनुदानाइतका चर्चेत येत नाही. यंत्र बंद राहिलेल्या काळात चेतेला स्पंद मिळत नाहीत व मुलाने मिळविलेले शब्दाकलन मागे पडू लागते. रात्री यंत्र आर्द्रताशोषक डबीत ठेवणे, वायरचा एक जादा संच जवळ बाळगणे आणि शाळेतील शिक्षकांना दिव्याच्या खुणेवरून यंत्र चालू आहे की नाही ते ओळखण्यास शिकविणे, या सूचना श्रवणतज्ज्ञ पालकांना पहिल्याच भेटीत देतात.